कोपऱ्यावरची अर्धी वीट

फ्लेक्सवर नानांना कोट घातला होता. निळा कोट, लाल टाय आणि त्या कॉलरमधून वर आलेला, आधार कार्डावरून उचललेला त्यांचा रापलेला चेहरा. स्टुडिओवाल्याने मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी ‘चालेल’ म्हटलं असतं. नाना, माझे वडील, गेल्यापासून मी सगळ्यालाच चालेल म्हणत होते. दहाव्याला रामकुंडावर सकाळी लवकर या, चालेल. गॅसचं कनेक्शन आईच्या नावावर करायला पुन्हा सोमवारी या, चालेल. उन्हाळा आला तोवर तो एक शब्द सोडून माझ्याकडे फारसं काही उरलं नव्हतं.

“हा नवरदेव कोण गं?” बहिरूकाकांनी विचारलं.

“काका, असं काय करता.”

“नाय, खरंच. या कोटात पुंजा मला भेटला असता तर मी सायेब म्हणून बाजूला झालो असतो.” काकांनी फ्लेक्सची घडी केली आणि शेडमधल्या खुर्चीवर ठेवली. ठेवताना चेहरा आत जाईल अशी ठेवली.

काका म्हणजे नानांचे जोडीदार. सातपूर, अंबड, सिडको या भागात दोघांनी उभा जन्म विटा रचल्या. यंदा शिबिरात नानांच्या जागी शिकवायला त्यांना बोलावलं होतं. शिबिर दर मे महिन्यात एका शाळेच्या रिकाम्या आवारात भरतं. सुवर्णा मॅडम चालवतात. आठवी ते दहावीची मुलं येतात आणि वायरिंग, नळजोडणी, शिवण, बेकरी, मोबाईल दुरुस्ती, गवंडीकाम यातलं एकेक काम हाताने करून बघतात. नाना पहिल्या वर्षापासून गवंडीकामाचे ‘मिस्तरी सर’ होते.

त्यांच्या वर्गात सिमेंट नसायचं. विटा मातीच्या गाऱ्यात रचायच्या, भिंत पुरी झाली की वरून एकेक थर उतरवायचा, विटा पिंपात धुवायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. मुलं कुरकुर करायची, फोटो तरी काढू द्या म्हणायची. नाना म्हणायचे, “शिकायची भिंत ठेवायची नसते.” विटाही तेवढ्याच होत्या, एका भिंतीला पुरतील एवढ्या.

फक्त गेल्या वर्षीची शेवटची भिंत उभी राहिली. ती पाडायच्या दिवशी नानांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर ते कामाला गेलेच नाहीत, आणि हिवाळ्यात गेले. सुवर्णा मॅडम भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, मिस्तरींच्या हातची शेवटची भिंत अजून शेडमध्ये आहे. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिली. छातीएवढी उंच, शेडच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. मी फोनमध्ये तिचा फोटो काढला आणि मॅडमना म्हणाले, ही तेवढी राहू द्या. एवढ्या महिन्यांत मी कुणाकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

मॅडमनी मान्य केलं आणि मग, त्यांच्या पद्धतीप्रमाणे, वाढवलं. ‘कै. पुंजा मिस्तरी स्मृती भिंत’. फ्लेक्स, हार, माजी नगरसेवकांच्या हस्ते अनावरण. त्यासाठी आज, शिबिराच्या पहिल्या दिवशी, मी कॉलेजच्या ग्रंथालयातून रजा घेऊन आले होते. अनावरण अकराला होतं.

“पोरं येतील आता,” काका म्हणाले. “विटा कुठं हायेत?”

“नव्या येणार होत्या ना?”

“भट्टीवाला उद्या म्हणतो. तो तीन दिस झाले उद्याच म्हणतो.” ते भिंतीसमोर उभे राहिले. तिच्याकडे बघितलं, मग बाहेर जाऊन थुंकून आले. “विटा सगळ्या हिच्यातच हायेत, मने.”

“काका, ही नको.”

“मी कुठं काय म्हणलं.”

मुलं यायला लागली. पत्र्याची शेड आत्तापासूनच तापली होती. त्यात एक मुलगी सगळ्यांच्या आधी आत आली आणि थेट भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. उंच, सडसडीत, वेणी घट्ट बांधलेली. मॅडम तिच्या मागे मागे आल्या.

“तेजल, तुला सांगितलं ना, एका मुलाला एकदाच. तू गेल्या वर्षी केलंस गवंडीकाम. यंदा बेकरी घे. केक शिकशील, बिस्किटं शिकशील. सगळ्या मुली तिकडेच आहेत.”

“मला केक नको, मॅडम.”

“मग शिवण घे.”

“मला ही भिंत पाडायचीय.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि तिचा दंड धरून तिला जरा बाजूला घेतलं. “अगं, ही मनीषाताई. मिस्तरी सरांची मुलगी. आज त्यांच्या भिंतीचं अनावरण आहे.”

तेजल माझ्याकडे वळली. मला वाटलं ती आता रडेल, कारण नानांकडे शिकलेल्या मुली मला पाहून रडायच्या आणि मग मलाच त्यांची समजूत घालावी लागायची. पण ती रडली नाही. ती वैतागलेली होती.

“ताई, ही सरांची भिंत नाहीये. माझी आहे.”

“म्हणजे?”

“सर त्या दिवशी खुर्चीवरच होते. त्यांना थंडी वाजत होती. एवढ्या उन्हात थंडी. त्यांनी एका विटेला हात नाही लावला. आम्हाला म्हणाले, तुम्हाला येतंय आता, रचा. मी कोपऱ्यावर होते.” तिने डाव्या टोकाला हात ठेवला. “थर सरळ ठेवायची लाईनदोरी माझ्याकडून सुरू होती, बाकीचे माझ्यामागून येत होते. सर डोळे मिटून होते. ते जागे झाले तेव्हा भिंत झाली होती.”

“मग?”

“बघा ना तुम्हीच.”

तिने वरच्या थरातल्या एका सांध्यावर बोट ठेवलं आणि खाली ओढत नेलं. बोट कुठेही अडलं नाही. थेट जमिनीपर्यंत गेलं. तिने शेजारच्या सांध्यावर ठेवलं. तेही तसंच. सगळी भिंत वरून खाली उभ्या चिरांनी कापल्यासारखी होती. एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या विटांच्या रांगा, एकीचा दुसरीला आधार नाही.

हा फोटो माझ्या फोनवर कित्येक महिने होता. आईला दाखवला होता. मला त्या उभ्या रेघा आवडल्या होत्या. नानांच्या हाताला किती सरळ जमायचं, असं वाटलं होतं. आणि लहानपणी आमच्या घरात सांध्यावर सांधा हे शब्द जवळजवळ शिवीसारखे ऐकले होते. ज्या घराचं काम वाईट, त्या घराबद्दल नाना जेवताना तेवढंच बोलायचे. ‘सांध्यावर सांधा आलाय’, आणि पुढचा घास.

“एक थर सोडून दुसरा अर्ध्या विटेनं सुरू करायचा असतो, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही,” तेजल म्हणाली. “मला माहीत होतं. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“मग का नाही केलंस?”

मागे मुलं जमली होती. एक जण हसला.

“अर्धीसाठी अख्खी फोडावी लागते. चांगली वीट. मला नाही फोडवली. म्हटलं, एका थराला अख्खी लावली तर काय होतंय. मग पुढच्यालाही लावली.” तिने वेणी पुढे घेतली, मागे टाकली. “सर उठले, बघितलं आणि म्हणाले, उद्या पाडू. रागावले पण नाहीत. उद्या ते आलेच नाहीत.”

शेडमध्ये पंखा नव्हता. मॅडम हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होत्या.

“वर्षभर ती अशीच उभी आहे,” तेजल म्हणाली. “शाळेला येता-जाता दिसते. आता वर सरांचं नाव लावणार. कोणी गवंडी आला आणि त्याने बघितलं तर तो काय म्हणेल? हे पुंजा मिस्तरीचं काम?”

मी काकांकडे पाहिलं. ते पिंपात पाणी सोडत होते, पाठ आमच्याकडे.

“काका, तुम्हाला दिसलं होतं?”

“मग काय आंधळा हाय मी?”

“बोलला का नाहीत?”

“तुझा बाप गेला. तू म्हणली ही नको. म्हणलं, ऱ्हाऊ दे. दुःखात मानूस घरात काय काय ठेवतो. माझ्या म्हातारीनं तिच्या बापाचा दातांचा सेट ठेवला होता, देवाच्या शेजारी.” त्यांनी नळ बंद केला. “पन लय बेकार भिंत हाय, मने. ढकलली तर पडंल.”

मुलं मोठ्याने हसली. मलाही हसू आलं, थोडंसं, आणि लगेच दमल्यासारखं झालं. नानांच्या हातची एक तरी गोष्ट हवी म्हणून मी ही धरून ठेवली होती आणि ती त्यांच्या हातची नव्हतीच. त्यांनी तिच्याबद्दल दोनच शब्द बोलून ठेवले होते. उद्या पाडू.

“मनीषाताई,” मॅडम हळूच म्हणाल्या, “साहेब निघालेत घरून. आपण आजचा कार्यक्रम होऊ देऊ. पाडायचं नंतर बघता येईल.”

चालेल, हा शब्द तोंडापर्यंत आला होता.

“नको,” मी म्हटलं. “आत्ताच पाडू.”

“अहो, पण अनावरण कशाचं करायचं?”

“फ्लेक्स आहे ना.”

“ढकलायची का?” कोणीतरी मागून विचारलं, आणि दोन-तीन जण पुढे सरकले.

“हात लावाल तर बघा!” काका ओरडले. “वरून. एकेक. शेवटची वीट आधी. जिनं बसवली ती काढंल.”

तेजलने ओढणी कमरेला बांधली. पहिली वीट तिने काढली आणि कुणाकडे द्यावी म्हणून इकडे-तिकडे बघितलं. सगळ्यांत जवळ मी होते. विटेला वाळलेली माती चिकटली होती. मी ती पिंपाकडे नेली, पाण्यात बुडवली, हाताने घासली. मग दुसरी आली. कॉलेजात नेसते ती साडी होती, निऱ्या भिजल्या, नखांत लाल गाळ गेला. नाना घरी आले की मोरीत पहिलं पाणी असं लाल व्हायचं. मी घासत राहिले. रांग लागली, हातातून हातात विटा येऊ लागल्या आणि भिंत खाली खाली गेली. शेवटी जमिनीवर मातीचा एक पट्टा तेवढा राहिला.

माजी नगरसेवक सगळं संपल्यावर आले. सोबत दोन माणसं आणि झेंडूचा हार.

“भिंत कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“चालू हाय काम,” काका म्हणाले.

मॅडमनी घाईघाईने फ्लेक्स शेडच्या खांबाला बांधून घेतला. साहेबांनी कोटातल्या नानांना हार घातला, कौशल्य आणि आजची पिढी यावर बोलले, आणि मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. माझ्याकडे बघून म्हणाले, “वडिलांचा वारसा.” मी ओल्या हातांनी नमस्कार केला. मग ते बेकरीकडे गेले.

काकांनी नव्या मुलांना गारा कालवायला बसवलं. तेजलला त्यांनी कोपरा दिला. पहिला थर तिने भराभर लावला. दुसऱ्या थराशी थांबली. हातात अख्खी वीट, धुतलेली, कडा शाबूत. दुसऱ्या हातात थापी.

काका लांब होते, एका मुलाला घमेलं कसं धरायचं ते शिकवत. ती माझ्याकडे बघत होती.

“फोड,” मी म्हटलं.

तिने थापीच्या कडेने हलकेच ठोकलं. काही झालं नाही. पुन्हा मारलं, टवका उडाला. तिने डोळे मिटून घेतले.

“डोळे उघडे ठेव.”

तिसऱ्यांदा तिने जोरात मारलं. वीट फुटली, अगदी मधोमध नाही, एक तुकडा थोडा मोठा. तिने तो कोपऱ्यावर बसवला, वरून ठोकला, कडेने आलेला गारा पुसून घेतला. मग टाचांवर बसून राहिली आणि वर बघितलं. नानांनी तिला काय म्हटलं असतं त्याची ती वाट बघत असावी. ते काहीच म्हणत नसत. मी दहावीला वर्गात पहिली आले तेव्हाही निकाल हातात घेऊन त्यांनी तेवढंच विचारलं होतं, पुढं काय. कामावरही वीट बरोबर बसली की शाबासकी नाही, फक्त दुसरी मागायचे.

मी पिंपातून एक वीट काढली. तिच्यातून पाणी गळत होतं.

“घे,” मी म्हटलं. “पुढची.”