दुसरं पान

ऋतुराज औताडेला काय मिळणार होतं, ते आधी मांडू. बिडकीनला कारखान्याची नवी शाखा उभी राहत होती, तिचं प्रमुखपद. काचेची केबिन. न्यायला-आणायला गाडी. सासुरवाडीत आजवर पंगतीच्या टोकाला ताट मिळायचं, तिथं आता मधोमध पाट. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे ह्या जुन्या कारखान्यातल्या भट्टीपासून कायमची सुटका. एवढ्यासाठी माणूस काय करील? ऋतुराज तसा सभ्य माणूस. त्यानं चोरी केली नाही, एक आकडाही खोटा लिहिला नाही. त्यानं फक्त अक्षरं मोठी केली.

ही मखलाशी कळायची तर मालकांची खोड माहीत पाहिजे. तात्यासाहेबांचा ट्रॅक्टरच्या गिअरचा कारखाना. लेकीच्या लग्नात त्यांनी अख्खा बीड बायपास जेवू घातला, पण छपाईच्या कागदाच्या बाबतीत हात आखडता. महिन्याचा अहवाल एका पानात आला पाहिजे, असा त्यांचा हुकूम. सॉफ्टवेअरमध्ये पुढं कितीही पानं असोत, छापायचं पहिलंच. पडद्यावर ते वाचत नसत. "पडद्यावरचं डोळ्यांत राहत नाय," म्हणायचे. हातात कागद, नाकावर चष्मा, आणि एखादी ओळ लाल दिसली की तिच्याभोवती पेनानं गोल काढून शेजारी लिहायचे, 'पाहणे'. त्या 'पाहणे'मध्ये लई ताकद होती. तो शब्द पडल्याशिवाय खरेदी विभाग साधा बोल्ट मागवत नसे, आणि पडला की उडत जाऊन आणत असे.

तर ते एक पान रत्नमाला खरात बनवायची. मुकुंदवाडीहून येणारी, बोलायला तिखट, कामाला पक्की. कारखान्यातले सगळे विभाग एका पानात बसवायचे म्हणजे खेळ नव्हता. तिनं समास अरुंद केले, ओळींची उंची दाबली, दोन रकान्यांचा एक केला. वर अशी अट लावून ठेवली की ज्या विभागाचा माल ठरल्यापेक्षा जास्त बाद होईल, त्याची ओळ आपोआप लाल व्हावी. सर्वांत खालची ओळ भट्टीची. ती पानाच्या काठाला अशी चिकटून बसायची, जसा रिक्षात सहावा माणूस बसतो. पण बसायची.

आणि येत्या अहवालात भट्टीला लाल होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिथला धूर ओढणारा पंखा जळाला होता. तापलेले गिअर तेलात बुडवले की सगळा धूर आतच. माणसांना समोरचं दिसेना, श्वास घेववेना, म्हणून गिअरांची लोखंडी टोपली वेळेआधी बाहेर काढायची. मग माल वाकडा, माल बाद. भट्टीचा सुपरवायझर अभय अर्ज लिहून लिहून थकला. अर्ज जायचे ऋतुराजकडे आणि तिथंच मुरायचे. कारण भट्टी ऋतुराजच्या अखत्यारीत, आणि ज्याची भट्टी जळतेय त्याला बिडकीन कोण देणार?

एके दिवशी ऋतुराज रत्नमालाच्या टेबलाशी आला. आवाजात साय.

"मॅडम, तात्यासाहेबांचं वय झालं. एवढी बारीक अक्षरं? आपल्याला काही वाटायला पाहिजे. जरा मोठी करा. ओळींत हवा खेळू द्या. आणि वर एक पट्टी टाका, कारखान्याचं नाव, शेजारी साहेबांचा फोटो."

"सर, मग सगळं एका पानात बसणार नाही."

"जेवढं बसतंय तेवढं बसू द्या. बाकीचं पुढच्या पानावर आहेच की. आपण काय लपवतोय का?"

"पुढचं पान छापत नाहीत, सर. तुम्हालाही ठाऊक आहे."

"ते माझ्या हातात नाही," ऋतुराज हसला. "तो मालकांचा नियम आहे."

रत्नमालानं नकार दिला असता. पण हा गडी तिच्याआधी वर जाऊन आला होता. दुपारी तात्यासाहेबांचाच फोन आला. "बाई, ते मोठ्या अक्षराचं लई चांगलं सुचवलं ऋतुराजनं. आणि फोटो तो फेट्यातला घ्या." आता काय बोलणार? तिनं दात आवळून अक्षरं वाढवली. एकेक ओळ खाली सरकत गेली आणि भट्टीची ओळ पानाच्या काठावरून पडली. पडद्यावर, दुसऱ्या पानाच्या माथ्यावर, ती एकटी लालभडक उभी होती. कागदावर सगळं हिरवंगार.

तात्यासाहेबांनी पान पाहिलं, फोटो पाहिला, पुन्हा फोटो पाहिला आणि म्हणाले, "आता कसं भरल्यासारखं दिसतंय."

आठवड्याभरानं अभय तावातावानं आला. अंगाला तेलकट धुराचा वास.

"ताई, आमचं लाल कुठं गेलं?"

"आहे. दुसऱ्या पानावर."

"आन् दुसरं पान कुठंय?"

रत्नमालानं पडद्याकडे बोट केलं.

"म्हंजी आमी हावच नाय का?" अभय टेबलावर वाकला. "ताई, कचरूमामाला तेलाच्या टाकीपाशी चक्कर येती रोज. साठीला टेकलेलं माणूस. उद्या आत पडलं तर कोणत्या पानावर छापणार तुमी?"

"माझ्यावर का ओरडतोस? मला वरून सांगितलं."

"ज्याच्यावर वरडायचं तो ऐकून घेत नाय, म्हणून तुमच्यावर वरडतोय."

हे मात्र तिला झोंबलं. ती उठून थेट ऋतुराजकडे गेली. निदान त्यानं स्वतः तात्यासाहेबांना पंख्याचं सांगावं, एवढंच मागितलं. तो मोबाइलवर बिडकीनच्या केबिनचे पडदे निवडत होता. "सांगतो ना मॅडम. बिडकीनचं एकदा जाहीर होऊ द्या. मग पहिलं काम पंख्याचंच." आणि मोबाइल तिच्यापुढं धरून विचारलं, "हा निळा बरा का हा?"

दुसरा महिना आला. पान पुन्हा हिरवं. भट्टीची ओळ पुन्हा न छापलेल्या पानावर. बिडकीन जाहीर झालं, ऋतुराजनं सगळ्यांना इमरती वाटल्या, आणि पंख्याचं पहिलं काम पहिल्या कामांच्या रांगेत कुठंतरी उभं राहिलं.

मग कचरूमामा पडला. टाकीत नाही, टाकीच्या अलीकडं. धुरात तोल गेला आणि आधारासाठी त्यानं जे धरलं, ती भट्टीतून नुकतीच बाहेर काढलेली तापलेली टोपली होती. त्याची बायको आवडाबाई घाटीच्या सरकारी दवाखान्यात बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारत होती, "इतका धूर व्हता तं कुनाला दिसला कसा नाय?" रत्नमाला भेटायला गेली होती. तिला तो प्रश्न आपल्यालाच विचारल्यासारखा वाटला, आणि येताना रिक्षात तिच्या डोक्यात जी तिडीक उठली, ती मुकुंदवाडी येईपर्यंत उतरली नाही.

महिन्याच्या बैठकीच्या सकाळी तिनं अहवालाचं डिझाइन उघडलं. अक्षरं राहू दिली, मोठी तर मोठी. वरची पट्टी काढली. फोटो काढला. आणि अट घातली की लाल ओळ असेल ती सर्वांत वर यावी. छापलं आणि कुणाला न दाखवता तात्यासाहेबांच्या हातात नेऊन दिलं. भट्टी पानाच्या माथ्यावर पेटल्यासारखी दिसत होती.

टेबलाभोवती सगळे बसलेले. तात्यासाहेबांनी चष्मा लावला. कागद वरून खाली पाहिला. पुन्हा वर आले. कपाळाला आठ्या.

"माझा फोटो कुठाय?"

ऋतुराजनं लगेच मान हलवली. "मॅडम, हे काय? कुणाला विचारून काढलं?"

बस्स. इतके दिवस रत्नमालानं दाताखाली धरलेलं सगळं बाहेर आलं.

"फोटो काय घेऊन बसलात, साहेब? त्या फोटोच्या जागेत भट्टीची ओळ बसत होती! तुमचा फेटा बसवायला आम्ही माणसं खाली ढकलली. पंखा जळून किती महिने झाले, धुरात माणसं आंधळ्यासारखी काम करताहेत, कचरूमामाचा तळहात टोपलीला चिकटला. आणि तुमच्या कागदावर सगळं हिरवं!"

"आवाज खाली, बाई."

"खाली आवाजातले अर्ज ह्या सरांच्या ड्रॉवरमध्ये आहेत."

ऋतुराज शांत होता. ह्या माणसाचा राग येतो तो इथं. "तात्यासाहेब, एकही आकडा लपवला नव्हता. सॉफ्टवेअरमध्ये पाहा. भट्टीची ओळ पहिल्या दिवसापासून आहे. दुसऱ्या पानावर."

"मला दुसरं पान कुणी दाखवलं नाही."

"तुम्हीच छापू देत नव्हता," रत्नमाला म्हणाली. "हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. पण नियम तुमचा."

हे खरं होतं, म्हणूनच बोलायचं नव्हतं. ऋतुराजला दोष दिला असता तर तात्यासाहेबांनी कदाचित ऐकलंही असतं. मालकाला आरसा दाखवला की मालक आरशावर चिडतो. तात्यासाहेबांनी पेन उघडून लाल ओळीभोवती गोल काढला, 'पाहणे' लिहिलं, आणि वर न बघता म्हणाले, "जा तुम्ही."

पंखा तिसऱ्या दिवशी बसला. इतका सोपा होता तो.

ऋतुराज बिडकीनला गेलाच. नेमणूक तात्यासाहेबांनी चारचौघांत केली होती. ती चुकली म्हणायची तर स्वतःच चुकलो म्हणावं लागलं असतं, आणि तेवढ्यासाठी त्यांनी कारखाना उभारला नव्हता. रत्नमालाला "तब्येतीला आराम म्हणून" गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांची नोंद करायला. तिच्या तब्येतीला काहीही झालेलं नव्हतं. अहवाल आता सोनिया नावाची नवी मुलगी करते. तिला आधीच सांगून ठेवलंय की डिझाइनला हात लावायचा नाही.

अभय रत्नमालाला गेटवर चहा आणून देतो. "ताई, तुमी बोललात म्हणून पंखा आला," म्हणतो. "व्हय," ती म्हणते, "आणि दोन महिने बोलले नाही म्हणून हात गेला." मग दोघंही कपाकडे बघत बसतात, कारण रागवायला समोर कुणी नसतं.

तर हिशेब असा. ऋतुराजच्या पदरात बिडकीन पडलं आणि खर्ची काही पडलं नाही. दुसरं पानही छापायला लागल्यापासून तात्यासाहेबांचा महिन्याला एक कागद जास्त जातो. रत्नमालाची खुर्ची गेली. कचरूमामाचा उजवा हात मिटत नाही. भट्टीला माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदारानं कामगारांच्या पुढच्या यादीत त्याला घेतलं नाही, म्हणाला, हात बरा झाला की या. आवडाबाई दोन्ही वेळा त्याला भाकर कुस्करून देते, आणि तो डाव्या हातानं जेवतो.