चौसष्ट सुरळ्यांचा भाव

गुरुवार, सहा मार्च, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे, सुरळ्या चौसष्ट. एवढे वहीत लिहून मास्तरांनी पेनाला टोपण लावले आणि मगच समोरचा चहा उचलला.

मास्तर एकतीस वर्षे तंत्रनिकेतनाच्या मोजमाप प्रयोगशाळेत शिकवून निवृत्त झाले होते. आता ते जुन्या नाण्यांचा लहानसा व्यवहार करीत. बाजारात त्यांना ‘मायक्रोमीटर’ म्हणत. तहानेने जीव चालला तरी हा गृहस्थ आधी पेला तोलून बघेल, अशी त्यांची ख्याती होती.

घर होते कॅशियरवहिनींचे. त्यांचे यजमान बँकेत रोखपाल होते. टांकसाळीतून कोरी नाणी आली की पदरचे पैसे भरून ते कागदात बांधलेल्या पन्नास-पन्नास नाण्यांच्या दोन-तीन सुरळ्या घरी आणत आणि कपाटात रचून ठेवत. एका वर्षी टांकसाळ बराच काळ बंद राहिली आणि नाणी फार थोडी निघाली. त्या वर्षी त्यांनी अकरा आणल्या. ते जाऊन दोन वर्षे झाली होती. वहिनींच्या गुडघ्यांना आता तिसऱ्या मजल्याच्या बावन्न पायऱ्या झेपत नव्हत्या. तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. अनामत पस्तीस हजार, ती या सुरळ्या विकून भरायची होती, आणि घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. वर काही उरले तर एका गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घ्यायची, तिला चाळीसेक हजार लागणार, असेही त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकले. हातचे राखून बोलणे त्यांना जमत नसे.

कोऱ्या नाण्यांच्या सुरळीची गोष्ट मोठी नाजूक. ती उघडली की भाव निम्म्यावर येतो, आणि न उघडावी तर आत काय आहे ते कळावे कसे? मास्तर दोन्ही टोकांची नाणी भिंगातून पाहत, कागदाच्या दुमडीवरचा बँकेचा शिक्का तपासत आणि मग सुरळी तराजूवर ठेवत. वापरातले नाणे झिजते. अशी पन्नास एकत्र आली की टोकांना कितीही चकचकीत नाणी लावा, काटा चुगली करतोच.

दीड वाजेपर्यंत चौसष्टही सुरळ्या तोलून झाल्या. एकही हलकी भरली नाही. त्याच संध्याकाळी सात वाजता घरच्या टेबलावर हिशेब पुरा झाला. साध्या त्रेपन्न, प्रत्येकी सहाशे; बंद टांकसाळीच्या वर्षाच्या अकरा, प्रत्येकी चार हजार दोनशे. एकूण अठ्ठ्याहत्तर हजार. दोनदा पडताळले, बरोबर आले. फोन करून आकडा सांगायचा, पैसे मोजायचे, सुरळ्या उचलायच्या. काम संपले असते.

फोन त्यांनी हातात घेतलाही. मग खोलीकडे पाहिले. पत्नी जाऊन पाच वर्षे झाली होती. परगावचा मुलगा दर रविवारी फोन करी आणि तो चार मिनिटांत संपे. मास्तरांनी वेळ लावून पाहिला होता. आज मात्र तीन तास वीस मिनिटे कुणीतरी त्यांना ‘हे असं का?’ म्हणून विचारीत होते आणि उत्तर संपेपर्यंत ऐकतही होते. त्यांनी फोन खाली ठेवला.

तेरा तारखेला ते पुन्हा गेले. एकदा घेतलेले माप हे मापच नव्हे, ते तीनदा घ्यावे लागते, असे त्यांनी सांगितले. नियम खरा होता. मुलांना तो त्यांनी पाठ करायला लावला होता. वहिनी समोर बसून मटार सोलत होत्या आणि यजमानांच्या गमती सांगत होत्या. स्वारी घरीसुद्धा बोट ओले करून वर्तमानपत्राची पाने मोजायची आणि एक कमी भरले तर पेपरवाल्याला खालून वर बोलवायची. मास्तर हसले. आपल्या हसण्याचा आवाज त्यांना जरा अनोळखी वाटला.

वीस तारखेला हवेत दमटपणा होता. कागद ओल धरतो, त्यामुळे अकरा सुरळ्या कोरड्या हवेत पुन्हा तोलाव्या लागतील, असे मास्तर म्हणाले. हेही खरेच होते. फक्त त्याने अठ्ठ्याहत्तर हजारांत एका पैचाही फरक पडणार नव्हता. वहिनी त्यांना आता ‘सर’ सोडून भावजी म्हणू लागल्या होत्या.

“आमची लेक फोनवर विचारत होती,” त्या म्हणाल्या, “ते मास्तर नाणी तोलतायत की पाडतायत?”

मंगळवारी, पंचवीस तारखेला, सकाळी अकरा वीसला मास्तरांचा फोन वाजला. वहिनींचे नाव दिसताच ते सुखावले. समोर वही उघडीच होती.

“भावजी, अंदाजे एखादा आकडा सांगाल का?”

“अंदाजाने मी बोलत नाही, वहिनी. गुरुवारी सांगतो.”

पलीकडून ‘बरं’ ऐकू आले आणि फोन बंद झाला. उरलेली दुपार मास्तरांनी तराजू पुसण्यात घालवली. या गुरुवारी आकडा सांगायचाच, असे त्यांनी ठरवले होते. महिना संपत आला होता.

सत्तावीस तारखेला ते पाकिटात अठ्ठ्याहत्तर हजार घेऊन बावन्न पायऱ्या चढले. कपाटाचा खण रिकामा होता.

वहिनींनी सगळे सरळ सांगितले. मंगळवारी सकाळी त्या खोल्यांना दुसरे गिऱ्हाईक आले, तेही रोख घेऊन. घरमालकाने संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. मास्तर अंदाजाने बोलत नाहीत म्हटल्यावर त्यांना घाई करणे वहिनींना बरे वाटले नाही, म्हणून त्यांनी चौकातल्या नाणीवाल्याला बोलावले. त्याने सुरळ्या नुसत्या मोजल्या, अर्ध्या तासात उक्ता भाव ठरवला आणि छत्तीस हजार पाचशे देऊन पिशवी उचलली. खोल्या तर मिळाल्या.

“बरोबर मिळाले ना?” त्यांनी विचारले. “तुमचा आकडा काय होता?”

नुसती मान हलवली असती तरी भागले असते. पण प्रयोगातले वाचन बदलून लिहिणाऱ्या मुलाला मास्तरांनी एकतीस वर्षांत कधी पास केले नव्हते.

“अठ्ठ्याहत्तर हजार.”

वहिनी हळूच खुर्चीवर टेकल्या.

“कधी काढलात?”

“सहा तारखेला. संध्याकाळी सातला.”

“मग तीन आठवडे काय तोलत होतात, सर?”

मास्तरांनी पाकीट काढले, फरकाच्या नोटा वेगळ्या मोजल्या आणि टेबलावर ठेवल्या. वहिनींनी त्या तशाच त्यांच्याकडे सरकवल्या.

“माल गेला, सर. आता हे कशाचे घेऊ मी?”

चूक माझी आहे, असे मास्तर पुटपुटले. आहेच, असे त्या म्हणाल्या; आवाजात राग नव्हता, आणि तेच मास्तरांना सोसवेना. मग टेबलाचा आधार घेत, गुडघ्यावर हात दाबून त्या उठल्या आणि त्यांनी दार उघडून धरले.

जिना उतरताना पहिल्या वळणावर मास्तर थांबले. वही भिंतीला टेकवून त्यांनी तारीख घातली, वेळ घातली आणि शेवटची ओळ लिहिली: खरेदी शून्य; विकणाऱ्याचे नुकसान एकेचाळीस हजार पाचशे.