अकरा दिवसांचा अबोला

मामांनी जावयाशी अबोला धरला, त्याला आज अकरावा दिवस. गुन्हाही तसाच होता. भर पाहुण्यांत जावई म्हणाला, "मामांनी आता खालच्याच काचा पुसाव्यात." तीस वर्षं उंच इमारतींवरून दोराने उतरत काचा पुसणाऱ्या माणसाला!

पंचाईत अशी, की दोघं एकाच कामावर. आणि नियम खुद्द मामांचाच: जोडीदाराने एकेक पट्टा ओढून, एकेक कडी चाचपून, तोंडाने "बरोबर" म्हटल्याशिवाय गच्चीच्या कठड्याबाहेर पाय टाकायचा नाही.

दहा दिवस लेकीने शाळेतून फोनवर दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवत निभावलं. "विचार त्यांना, झालं का बघून?" "बरोबर म्हणतात, बाबा." आज ती कातावली. "माझ्यासमोर वर्गात चाळीस पोरं बसलीत. तुमच्यापेक्षा शहाणी आहेत!" फोन बंद.

मामांनी जावयाचे पट्टे तपासले. सगळं ठीक. पण शब्द काढायचा कसा? त्यांनी साबणाच्या फेसाने त्याच्या हेल्मेटवर बरोबरची खूण केली.

"नियम तोंडाचा आहे," जावई आभाळाकडे बघत म्हणाला.

"हं."

"हं चालत नाही. बरं, आधी तुमचं बघतो."

तो वाकला आणि मामांच्या उजव्या मांडीपाशी थबकला. मिनिट गेलं. सूड उगवतोय लेकाचा, मामांना वाटलं.

"अहो जावईबापू, बोला की! जीभ गहाण टाकलीय का?"

बोलून गेले आणि मामांनी कपाळाला हात लावला. जावई मात्र हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता.

"बरोबर नाही, मामा. हा पट्टा बकलातून परत उलटा फिरवायचा राहिलाय."

मामांनी पाहिलं. पट्टा नुसता सरकवलेला. भार पडताच सुळकन निसटला असता, आणि खाली बारा मजले.

"नवशिक्यांना ही चूक दाखवून माझा घसा बसला," ते पुटपुटले. "रागात हात आपला राहत नाही, हेच खरं."

पट्टा नीट झाला. दोघांनी एकमेकांना पुन्हा तपासलं, मोठ्याने "बरोबर" म्हटलं आणि शेजारी शेजारी उतरू लागले. तोंड उघडलं ते उघडलंच. बाराव्या मजल्यावर पाहुण्यांसमोरचा अपमान निघाला, दहाव्यावर जावयाची फडकं पिळायची पद्धत, आठव्यावर त्याचं घोरणं. जावई "हो मामा, चुकलं मामा" म्हणत काच पुसत होता.

मामांच्या तक्रारी ऐकून सातव्या मजल्यावरच्या कारकुनाने खिडकीतून डोकं काढलं. "काका, भलताच आगाऊ दिसतोय हो तुमचा जावई!"

मामा दोरावरच गर्रकन वळले. "आगाऊ? तुमच्याकडे कुणाला साधं बकल तरी बघता येतं का?"

आणि ती एक काच सोडून दोघं सहाव्या मजल्यावर उतरले.