फळ्यावर नसलेला पेचकस

चूक हातून घडते आणि तिची कबुली जिभेवर यावी लागते. हात आणि जीभ यांच्यात अंतर ते किती. पण ते चालून जाताना भलेभले थकतात. त्यातही जी चूक दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही, आणि जी न सांगितल्याने कदाचित कोणाचे काहीच बिघडणार नाही, ती सांगावी की गिळावी? शास्त्रांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. माणसाला मात्र तो सकाळी सात वाजता, कमरेत कळ असताना, थंड फरशीवर उभे राहून पुन्हा सोडवावा लागतो.

वायुदलाच्या जुन्या विमानांच्या पथकातील सर्वांत वृद्ध तंत्रज्ञ, ज्यांना सगळे मिस्त्रीकाका म्हणत, ते त्या सकाळी हँगरमध्ये असेच उभे होते. त्यांचा उजवा हात कोटाच्या आतल्या खिशात होता आणि खिसा रिकामा होता.

पथकाकडे तीन विमाने होती. दोन लहान, एकेका इंजिनाची. त्यांना सगळे ‘धाकट्या’ म्हणत. तिसरे चार इंजिनांचे, रुंद पंखांचे, एके काळी बाँब वाहून नेणारे. आता वर्षातून दहा-बारा वेळा लोकांच्या डोक्यांवरून सावकाश निघून जाणे, एवढेच त्याचे काम उरले होते. त्याला ‘थोरली’ म्हणत. कोणत्या गावावरून ती किती वाजून किती मिनिटांनी जाणार, ते आठवडाभर आधी छापून येई, आणि लोक गच्च्यांवर, पुलांवर, मैदानांत माना वर करून उभे राहत. त्या दिवशी हंगामातला शेवटचा फ्लायपास्ट होता. अकरा गावे होती. चौथ्या गावात, अकरा बेचाळीसला, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर मिस्त्रीकाकांच्या थोरल्या बहिणीची खुर्ची आदल्या दिवसापासूनच मांडून ठेवलेली होती.

ताईंचे वय एक्क्याऐंशी. दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली. “मला काय दिसायचंय आता,” त्या फोनवर म्हणाल्या होत्या, “पण धाकट्या जातात त्या डासासारख्या. तुझी थोरली आली की खुर्चीचे हात थरथरतात. तेवढं कळलं की माझं वर्ष झालं.”

आता पेचकसाविषयी सांगितले पाहिजे. हँगरच्या भिंतीवर एक मोठा पांढरा फळा होता. पथकातल्या प्रत्येक हत्याराची काळी सावली त्यावर रंगवलेली होती, आणि ज्या त्या सावलीवर ते ते हत्यार टांगलेले असे. काम संपले की फळा पाहायचा. एक जरी सावली उघडी दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान जागचे हलवायचे नाही. कारण विमानाच्या पोटात विसरलेला एखादा पाना उडताना घरंगळतो, आणि शेपटीचे सुकाणू ओढणाऱ्या तारांमध्ये जाऊन बसला, तर वैमानिकाच्या हाती फक्त प्रार्थना उरते. म्हणूनच दुसरा नियम असा, की घरचे हत्यार कोणी आणायचे नाही. ज्याची सावली नाही, त्याची उणीव फळ्याला कशी कळणार?

मिस्त्रीकाका हा नियम अडतीस वर्षे इतरांना शिकवत आले होते, आणि अडतीस वर्षे मोडत आले होते. थोरलीच्या इंजिनांवरची झाकणे ज्या स्क्रूंनी बसतात, त्यांच्या खाचा जुन्या मापाच्या, जरा रुंद. सरकारी पेचकस त्यांत घसरतो आणि खाच कुरतडतो. काकांच्या गुरूंनी निवृत्तीच्या दिवशी आपला लाकडी मुठीचा पेचकस त्यांच्या हाती दिला होता. तो मात्र खाचेत असा बसे, जणू दोघे एकाच आईची लेकरे. तो फळ्यावर चढवला असता तर मुठीवर क्रमांक कोरला गेला असता, तो सरकारजमा झाला असता, आणि निवृत्त होताना तिथेच ठेवून यावा लागला असता. तेवढ्या एका लोभापायी तो खिशात राहिला. निवृत्तीला आता तीन आठवडे उरले होते.

आदल्या दिवशी चौदा तास काम झाले होते. तिसऱ्या इंजिनाचे झाकण त्यांनी शेवटी लावले, तेव्हा पेचकस हातात होता, हे नक्की. पुढचे काही आठवेना. थकवा स्मृतीवरून ओला फडका फिरवतो. त्यांनी बाहेर जाऊन घरी फोन केला.

“पेचकस?” बायको म्हणाली. “डबा विसरून गेलात त्याचं आधी बोला. थांबा, पाहते.” तिने पिशवी पाहिली, पलंगाखाली पाहिले, टेबलाचे खण पाहिले. “नाही हो. सूनबाईला विचारू का?”

“नको, उठवू नकोस. बाळाचे दात येतायत, रात्रभर जागी होती ती.”

या एका दयाळू वाक्याची किंमत पुढे पुष्कळांना मोजावी लागली. पण दया काही भविष्य पाहून करता येत नाही.

हँगरमध्ये फोन नेण्याची मनाई होती; तो दाराबाहेरच्या कपाटात ठेवून काका आत आले, तर मुख्य अभियंता बाई उड्डाणाचा कागद घेऊन त्यांचीच वाट पाहत होत्या. पंधरा वर्षांपूर्वी त्या पथकात आल्या, तेव्हा काकांनीच त्यांना पाना धरायला शिकवले होते.

“फळा भरलाय, काका,” त्या म्हणाल्या. “सगळ्या सावल्या झाकल्यात. सही करा, म्हणजे कॅप्टनसाहेब चहा संपवतील.”

फळा खरोखरच भरलेला होता. काकांनी पेन घेतले. कागदावरचे वाक्य त्यांना पाठ होते: विमानात कोणतीही सुटी वस्तू राहिलेली नाही, याची मी खात्री केली आहे. बहुधा ते खरेच होते. पेचकस कुठेतरी रस्त्यात पडला असेल. आणि अकरा बेचाळीसला एक आंधळी बाई खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून बसणार होती. त्यांनी पेन खाली ठेवले.

“सही करता येत नाही,” ते म्हणाले. “माझा एक पेचकस सापडत नाहीये. फळ्यावरचा नाही. माझा.”

बाईंनी कागद आपल्याकडे ओढला. “किती दिवसांपासून वापरताय?”

“अडतीस वर्षं.”

“म्हणजे मला शिकवत होतात तेव्हाही खिशात होता.”

“होता.”

“माझ्या खिशात केसांची पिन सापडली होती, तेव्हा तुम्ही मला सगळ्यांसमोर फळ्याकडे तोंड करून उभं केलं होतं.”

“केलं होतं,” काका म्हणाले.  बाईंनी कागदावर आडवी रेघ मारली.

बातमी हँगरभर पसरायला चहाचा पेला रिकामा होण्याइतकाही वेळ लागला नाही. कॅप्टन पूर्ण पोशाखात आले, थोरलीकडे पाहिले, काकांकडे पाहिले, आणि हातमोजे काढत म्हणाले, “बरं आहे. हवेत मरण्यापेक्षा आज जमिनीवर म्हातारा होतो.” त्यांना अकरा गावांना कळवायचे होते, ते त्या कामाला लागले.

लांबू नावाने ओळखला जाणारा फिटर मात्र इतक्यावर थांबणारा नव्हता. त्याचे वय चाळीस, उंची सहा फूट दोन इंच, आणि थोरलीच्या शेपटीकडच्या बोळकांडीत सरपटत शिरायचे काम नेहमी त्याच्याच वाट्याला येई. “काका,” तो गुडघ्यांना फडकी बांधत म्हणाला, “तीन आठवडे राहिले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, एवढंही ऐकलं नव्हतं?”

“ऐकलं होतं रे.”

“मग उघडली कशाला?”

“तू बसतोस ना चाचणीला तिच्यात. म्हणून.”

लांबूने यावर नुसता नाकातून आवाज काढला आणि टॉर्च तोंडात धरून आत शिरला.

दिवसभर शोध चालला. एकेक पत्रा उघडायचा, हात घालायचा, आरसा घालायचा, तारांवरून बोट फिरवायचे, पुढचा पत्रा. अकरा वाजता धाकट्या एकट्याच उडाल्या. कुंपणाबाहेरच्या मैदानात जमलेल्या गर्दीने टाळ्या वाजवल्या आणि मग थोरलीची वाट पाहत ती बराच वेळ तशीच उभी राहिली. तो गलका हँगरच्या दारातून आत येत होता. अकरा बेचाळीसला काका पंखाखाली उताणे पडले होते. त्यांनी घड्याळ पाहिले नाही. पण त्यांना वेळ कळली.

सहाच्या सुमारास बाई त्यांच्याजवळ येऊन वाकल्या. “घरी जा, काका. तुमचे डोळे आता बघत नाहीयेत, नुसते उघडे आहेत.”

“बाकीचे?”

“सापडेपर्यंत आम्ही आहोत. नियम तुम्हीच शिकवलाय.”

घर दहा मिनिटांच्या अंतरावर होते. काकांना त्या दिवशी वीस मिनिटे लागली. दारात सून बाबागाडीतून नातीला उचलून घेत होती. “बाबा,” ती म्हणाली, “आम्ही मैदानात दोन तास उभ्या. थोरली आलीच नाही. काय झालं?” आणि उत्तराची वाट न पाहता ती पुढे म्हणाली, “बरं, हा घ्या तुमचा. काल तुम्ही चपलांच्या फळीवर ठेवून झोपायला गेलात. सकाळी गाडीचं चाक डुगडुगत होतं, ते आवळलं मी. काय छान बसतो हो हा.” तिने बाबागाडीच्या खालच्या जाळीत हात घातला. दुधाची बाटली आणि लोकरी टोपी यांच्या मधून तिने लाकडी मुठीचा पेचकस काढला.

तो दिवसभर मैदानातच होता. गर्दीत, नातीच्या बुडाखाली, थोरलीची वाट पाहत.

काका तसेच परत फिरले. फोन करून उपयोग नव्हता. सगळ्यांचे फोन कपाटात होते. चालता चालता, थकलेल्या मनात जसे येते तसे, एक सोपे दृश्य त्यांच्या मनात आले. आपण हँगरमध्ये जाऊ. शेपटीच्या बोळकांडीत एकदा हात घालू. “सापडला” म्हणू. तारांपासून चार बोटांवर, म्हणू. लांबू गप्प होईल. बाईंच्या कपाळावरची आठी उतरेल. अकरा गावांना कळेल की एका म्हाताऱ्याने त्या दिवशी विमान वाचवले. सकाळच्या सत्यालाही शोभा येईल. खोटे तेवढे एकच, आणि तेही सत्याला अलंकार म्हणून.

या विचाराचा मोह सकाळच्या मोहाहून मोठा होता. सकाळी फक्त अपराध लपणार होता. आता गौरव मिळणार होता. फाटकापाशी पहारेकऱ्याने सलाम केला, तेव्हा काकांचा हात खिशातल्या मुठीवर घट्ट आवळलेला होता.

हँगरमध्ये लांबूचे पाय थोरलीच्या पोटातून बाहेर लोंबत होते. एका पायात बूट होता, दुसऱ्यात नव्हता. त्या अनवाणी पायाकडे काकांनी पाहिले, टाचेवर भेग होती. मग ते टेबलापाशी गेले, पेचकस मधोमध ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, “बाहेर या रे सगळे. विमानात नव्हता. माझ्याच घरी होता. नातीच्या बाबागाडीत.”

 लांबू सरपटत बाहेर आला, कोपरे खरचटलेली, मिशीवर तेल. पेचकसाकडे त्याने बराच वेळ पाहिले.

“काखेत कळसा,” तो शेवटी म्हणाला, “आणि आम्ही अकरा तास गावाला वळसा.”

मग कोणीतरी हसले, आणि ते हसू दमलेल्या माणसांत पसरते तसे, खोकल्यासारखे, सगळ्यांत पसरले. काकाही हसले असते. पण त्यांनी वाकून लांबूचा दुसरा बूट उचलला.

बाईंनी नोंद केली. काकांचा सहीचा अधिकार त्याच संध्याकाळी काढून घेतला गेला. उरलेले तीन आठवडे त्यांनी इतरांच्या देखरेखीखाली काम केले. यात कोणी कठोरपणा केला नाही आणि कोणी सवलतही दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कोरण्याचे यंत्र त्यांच्या पुढ्यात ठेवले. “मी कोरू शकते,” त्या म्हणाल्या, “पण मूठ तुमच्या हातची आहे.” काकांनी गुरूंच्या घामाने काळवंडलेल्या त्या लाकडावर क्रमांक स्वतः कोरला. अक्षर थोडे वाकडे आले. लांबूने फळ्यावर सावली रंगवली, आणि ती रंगवताना त्याने कोणतीही थट्टा केली नाही.

ताईंना त्यांनी त्याच दुपारी फोन केला.

“खुर्ची हलली नाही रे,” त्या म्हणाल्या.

“माझ्यामुळे.” त्यांनी सगळे सांगितले. बाबागाडीसकट.

 “लहानपणी दुधाची कासंडी सांडलीस तेव्हा मांजरावर ढकललं होतंस,” ताई म्हणाल्या. “सुधारलास म्हणायचं. पन्नास वर्षं लागली.” मग त्यांनी विचारले, “पुढच्या हंगामात येईल ना ती?”

“येईल. मी नसेन तिथे.”

“मग इकडे ये. दुसरी खुर्ची आहे.”

ज्यांचे हात दिवसभर दुसऱ्यांच्या सुरक्षेसाठी अंधाऱ्या बोळांत चाचपडत राहिले, त्यांच्या हातांना विश्रांती मिळो. जे गच्च्यांवर उगाच उभे राहिले, त्यांच्या माना पुढच्या वर्षी पुन्हा वर होवोत. ज्याने एकाच दिवशी दोनदा खरे सांगितले, त्याची झोप शांत असो. आणि त्या तिसऱ्या मजल्यावर, वेळ येईल तेव्हा, दोन्ही खुर्च्यांचे हात थरथरोत.