कढत पाण्याची शक्ती

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता. दोन वर्षांच्या छकुलीच्या अंगात शक्ती उतरते, ही बातमी फुटल्यापासून घर घराचं राहिलं नव्हतं. तिचा उजवा हात उडाला की 'हो', डावा उडाला की 'नाही'. लग्न जमेल का, बदली होईल का, सगळं पोरीच्या झटक्यांना विचारायचं!

"अंघोळीने शुद्धी झाली, की शक्ती येतेच," भगव्या कफनीतले बाबा मान डोलावत होते. "ब्रह्मांडाचं वायरिंग आहे हे. आम्ही फक्त बटण!"

न्हाणीघरात छकुलीची आई तिला पोटाशी धरून बसली होती. दाराबाहेर सासूबाईंचा पहारा. "सूनबाई, पाणी कढत हवं हं. बाबांचा शब्द आहे."

नवऱ्याने तर कालच हात झटकले होते. "आईचं मन मोडू नकोस."

सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. रक्ताचा रिपोर्टही त्यांनी मोबाइलवर पाठवला होता. "मज्जापेशीच्या आवरणात बारीक दारं असतात. त्यांतून सोडियम आत शिरलं की निरोप पुढे सरकतो. ती दारं घडवणाऱ्या जनुकातच छकुलीच्या बिघाड आहे. म्हणून अंग तापलं की झटके येतात. मग तो ताप असो, नाहीतर गरम अंघोळ. एखादा झटका जिवावर बेतेल, बाई."

आईने कढत पाण्यात गार पाण्याचा नळ सोडला. छकुली कोमट पाण्यात हात आपटून खिदळली.

मग तिला बाबांपुढे बसवलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. छकुलीने बाबांची दाढी ओढली. मागे कुणीतरी खुसखुसलं.

बाबांना घाम फुटला. "शुद्धी कमी पडली! पुन्हा अंघोळ घाला, चांगली कढत!"

"का हो बाबा, शक्तीला गीझर लागतो?" आईने मोबाइलवरचा रिपोर्ट वर धरला आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं सगळ्यांना ऐकवलं.

"खोटं! अशी पोरं मी पुष्कळ पाहिलीत, कढत पाण्याशिवाय त्यांना झटका..." बाबांनी जीभ चावली.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "म्हणजे तुम्हांला ठाऊक होतं? आणि पाणी तापवत होते मी!"

आईने छकुलीला कडेवर घेतलं. "दवाखान्यात निघालेय. वाट द्या."

लोक बाजूला सरले. दारात ती वळली. "झटका आला तर लेकराला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना गाठा. प्रश्न विचारायचे तर डॉक्टरांना विचारा. तडफडणाऱ्या पोरीला काय विचारता?"

सासूबाई उठल्या आणि पदराने डोळे पुसत तिच्यामागे जिना उतरू लागल्या.