ताइदचं पान

डॅड वेल्श घराण्यातला, आई पुण्याची आणि मी पार दक्षिण गोलार्धातल्या लोअर हटची. डॅडच्या वडिलांना मी ताइद म्हणायचे. वेल्शमध्ये आजोबांना तसंच म्हणतात. जुलैमध्ये ताइद गेला. त्याची रक्षा हॉलमध्ये एका निळ्या डब्यात होती आणि ती कुठे न्यायची हे कुणीच ठरवेना. मग मीच ठरवलं!

ताइद अगदी लहानपणी वेल्समधलं लानेरवन गाव सोडून बोटीने इथे आला. गावाबद्दल तो कधीच बोलायचा नाही. विचारलं की टीव्हीचा आवाज वाढवायचा. पण मी महाहट्टी! मेलवर मेल पाठवून तिथे शेजारी राहणाऱ्या मिसेस प्रिचर्डला गाठलं आणि तिने चक्क व्हिडिओ कॉलवर त्याचं घर दाखवलं. बुटकं, दगडी, कित्येक वर्षं रिकामं. दार मात्र सताड उघडं.

"आम्ही रोज रात्री दार लावतो," ती म्हणाली, "सकाळी उघडंच असतं. जुलैपासून हे असंच चाललंय."

अंगावर सर्रकन काटा आला आणि खरं सांगते, मला ते हीप्स, म्हणजे प्रचंड, आवडलं. "आई, घर त्याची वाट बघतंय!"

"बघणारच. शेवटी गाव ते गाव," आई म्हणाली. डॅडने डिसेंबरची तिकिटं काढली.

सर्वपित्री अमावास्येला आईने घरामागच्या लाकडी डेकवर पान वाढलं. वरणभात, वडे, खीर, आणि ताइदसाठी खास त्याच्या आवडीचं खारट मार्माइट लावलेला टोस्ट. इथे कावळे नाहीत, म्हणून आम्ही काळ्यापांढऱ्या मॅगपाय पक्ष्यांवर भागवतो. एरवी हातातलं सँडविच पळवणारे हे मेले त्या दुपारी कुंपणावर रांगेत बसून राहिले. एक हलेना, एक ओरडेना. वारासुद्धा पडला. हटमध्ये वसंतात वारा पडत नाही.

"इच्छा राहिलीय त्यांची काहीतरी," आई कुजबुजली. "शब्द दे."

यंदा शाळेच्या डिबेटमध्ये अख्खा हॉल गाजवलेली मी, मला कसली भीती! ठणठणीत आवाजात म्हणाले, "ताइद, मी तुला तुझ्या घरी नेते. लानेरवनला. प्रॉमिस!"

सगळ्या मॅगपायनी एकदम पाठ फिरवली.

"अबोली," डॅड हळूच म्हणाला, "परत नको बोलूस."

तेवढ्यात फोन वाजला. मिसेस प्रिचर्ड. तिकडे काळोख होता. "तुम्ही आलात का? घरात दिवा दिसतोय. आत कुणीतरी आहे." तिने फोन दाराकडे धरला. आतून एका बाईचा आवाज आला, गोड, लाडीक, पोराला जेवायला बोलवावं तसा. गॅरेथ... गॅरेथ...

"माझ्या बाबांचं नाव," डॅड म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "पण हा आवाज त्यांच्या आईचा, माझ्या आजीचा नाही. आजी तर त्यांना घेऊन त्या घरातून पळून आली होती."

मी फोन बंद केला. पानाकडे वळले.

"ताइद, नाही नेणार. कध्धीच नाही. तू इथेच राहा, आमच्यापाशी."

एक मॅगपाय टपकन पानावर उतरला. मग सगळेच.

संध्याकाळी डॅडने लिंबाच्या झाडाखाली खड्डा खणला. आईने डबा स्वतःच्या हाताने आत ठेवला, माती लोटली.

"पाटी करून घेऊ का?" डॅडने विचारलं. "नाव, साल वगैरे?"

"नाव घालायचं नाही," मी म्हणाले. "त्या बाईला इथला पत्ता लागायला नको."