पाव फेऱ्याची हवा

मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. मी एक जुना हवेचा मीटर आहे. समुद्राच्या तळाची सहल करायला निघालेली माणसं पाठीवर हवेची टाकी बांधतात ना, तिला रबरी नळीने जोडलेली तळहाताएवढी गोल डबी म्हणजे मी. पाठीवरच्या टाकीत किती हवा उरली हे माणसाला दिसत नाही. ते सांगणं माझं काम. टाकी भरलेली असली की माझा काटा दोनशेवर असतो. पन्नासच्या खाली तांबडा पट्टा आहे. काटा तिथे आला की मुकाट्याने वर यायचं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात पितळेची वाकडी नळी आहे. हवेचा जोर चढला की ती सरळ व्हायला बघते आणि काट्याला ढकलते. म्हणजे धुसफूस माझ्या पोटातच बसवलेली आहे म्हणा ना! तिथून मी या बेटावरच्या रिसॉर्टमध्ये आलो. पहिली काही वर्षं माझे फार लाड झाले. पोहण्याचे मास्तर सदऱ्याच्या टोकाने माझी काच पुसायचे. पुढे पाहुणे वाढले, होडीच्या फेऱ्या वाढल्या. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात घातली जाणारी बुचकळी उरकती झाली, नळीवर मिठाचे पांढरे डाग राहू लागले. ते मी सोसलं. पण मास्तरांचा एक नियम होता: पाण्यात उतरण्याआधी चार श्वास घ्यायचे, आणि श्वास ओढताना काट्याकडे बघायचं. घाईत तोच गळाला, आणि माझी झोप उडाली.

एका हंगामात बहीणभाऊ आले. ताई साठीच्या, चौतीस वर्षं रुग्णालयात नर्स होत्या. भाऊ धाकटा, पण प्रत्येक गोष्टीतलं त्यालाच जास्त कळायचं. "आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी काढलीस, आता आठ दिवस माझं ऐक," असं म्हणून त्याने ताईंना हट्टाने आणलं होतं. मी ताईंच्या वाट्याला आलो.

होडीत मास्तरांनी टाकीच्या तोंडावरची, हवा सोडायची चावी दाखवली. "ही पूर्ण उघडायची, आणि मग पाव फेरा मागे घ्यायची. आणि हो, पाण्यातल्या चष्म्याच्या काचेवर थुंका, म्हणजे धुकं धरणार नाही."

"थुंकू?" ताई हसल्या. "जन्मभर लोकांना इथे थुंकू नका म्हणून ओरडले मी!"

ताई काच चोळत होत्या, तेवढ्यात मागून बारीक फसफस ऐकू आली. तोंडात धरायच्या नळीतून थोडी हवा सुटत होती. काळजीचं काही नव्हतं. पण भाऊचे कान टवकारले. त्याने ताईंच्या पाठीमागे हात घालून चावी करकचून बंद केली. माझा काटा घसरला. मग त्याला काहीतरी आठवलं. "पाव फेरा," तो पुटपुटला आणि त्याने चावी तेवढीच उघडली. काटा पुन्हा चढत चढत दोनशेवर गेला. मास्तरांनी लांबूनच माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि सगळे पाण्यात उतरले.

मी मात्र कासावीस झालो. पाव फेऱ्याची हवा वर जेमतेम पुरते, फक्त श्वास ओढताना काटा जरासा हलतो; खोल पाण्यात मात्र ती पुरत नाही. खाली प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते.

चाळीस फूट खोल एक कासव गवत खात होतं. ताई लहान मुलीसारख्या बघत राहिल्या. मग त्यांचा श्वास जड झाला. त्यांनी हवा ओढली की माझा काटा साठावर कोसळायचा, सोडली की परत एकशे ऐंशीवर. मी जीव तोडून नाचत होतो, आणि बघायला कुणी नव्हतं! मास्तर जवळ आले. त्यांनी मला उचलून बघितलं, पण नेमकं दोन श्वासांच्या मध्ये. एकशे ऐंशी. 'सगळं ठीक' अशी बोटांची गोल खूण करून ते पुढे सरकले. मित्रांनो, तेव्हा मला तोंड नसल्याचं जितकं दुःख झालं, तितकं कधीच झालं नव्हतं.

मग ताईंनी स्वतः मला हातात घेतलं. चौतीस वर्षं रक्तदाबाचा काटा वाचलेली बाई ती! आकड्यापेक्षा काट्याची चाल बघायची, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी मास्तरांचा दंड धरला, मला त्यांच्या डोळ्यांसमोर नेलं आणि श्वास ओढला. काटा धाडकन खाली. सोडला. काटा वर. पुन्हा एकदा. या वेळी हवा जेमतेम आली. मास्तरांचे डोळे विस्फारले. त्यांचा हात ताईंच्या मानेमागे गेला आणि चावी भराभर फिरली. ताईंची छाती भरली. माझा काटा एकशे सत्तरवर थांबला.

किनाऱ्यावर रिसॉर्टचे व्यवस्थापक धावत आले. "जुना मीटर आहे, काटा उड्या मारतो. टाकून देतो लगेच."

"खाली हा एकटाच खरं बोलत होता," ताई म्हणाल्या. "आणि यालाच टाकणार?"

भाऊ गप्प राहिला असता तर सगळं माझ्यावर शेकलं असतं. मला त्याचा भयंकर राग आला होता. पण तो पुढे आला.

"चावी मी फिरवली. फसफस ऐकली, वाटलं गळतंय. घरी गॅस बंद करतो तशी घट्ट केली. मग पाव फेरा आठवला, म्हणून तेवढी उघडली."

"आधी पूर्ण उघडून, मग पाव मागे," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "पण चूक माझीही आहे. उतरण्याआधी मी ताईंना काट्याकडे बघत चार श्वास घ्यायला लावले नाहीत."

भाऊ वाळूतच बसला. "ताई, मी तुला आज..."

"रडणं नंतर," ताई म्हणाल्या. "आधी उद्याची होडी किती वाजता आहे ते विचार. माझं कासव अर्धंच बघून झालंय."

मित्रांनो, आम्हाला गोड्या पाण्याने धुवा, मीठ साचू देऊ नका. पण नुसती काच पुसून भागत नाही. चावी नीट उघडलेली नसली, तरी माणूस निवांत उभा असताना मीटर भरलेलाच दिसतो. तो श्वास घेत असताना बघा.

दुसऱ्या दिवशी होडीत भाऊने मला दोन्ही हातांत धरलं. ताईंनी श्वास ओढला. "एक," तो मोठ्याने म्हणाला. दोन. तीन. चार. काटा दोनशेवरून तसूभरही हलला नाही.

"अजून एकदा घे," तो म्हणाला.

"अरे, चार झाले की!"

"माझ्यासाठी घे गं."

ताईंनी पाचवा श्वास घेतला.